धला दिलेला पहिला उकार

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं आणि आमच्या गल्लीत टँकरही चौथ्या दिवशी येत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण आमचे शेजारी संगप्पा तो लावत. जिल्हा मागितला म्हणून जिल्हा मिळाला, पाणी मागितलं असतं तर पाणी मिळालं असतं, असं त्यांचं म्हणणं. संगप्पा डाळीचे व्यापारी. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच, त्यामुळे त्यांची मतं मला न विचारता ऐकू येत.

टँकरच्या रांगेत खरं तर मी उभं राहायला हवं होतं. मी सेवानिवृत्त झालो होतो, करायला काही नव्हतं. पण रांगेत भांडावं लागतं आणि बत्तीस वर्षं संस्कृत शिकवून मला भांडणाचा एकही शब्द येत नव्हता. म्हणून रांगेत माझी बायको प्रेमला जायची आणि मी दारात पुस्तक घेऊन घागरी मोजायचो. त्या दिवशी मी नेमका पान उलटत होतो. संगप्पांच्या बायकोच्या, दानम्माच्या, कडेवरची भरलेली पितळी घागर निसटली आणि प्रेमलाच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर काठाच्या बाजूनं पडली. पाणी सांडलं म्हणून सगळी रांग हळहळली. अंगठ्याकडे नंतर बघितलं गेलं.

प्रेमलाला सहा वर्षांपासून साखरेचा आजार. अशा माणसाची जखम भरत नाही हे आम्हांला ऐकून माहीत होतं, आता बघून कळू लागलं. आठवड्यानं अंगठ्याचं टोक जांभळं झालं, दहाव्या दिवशी काळं.

घागर दानम्माची असल्यामुळे उपाय सांगण्याचा पहिला हक्क तिचा होता, आणि तिनं तो मोकळेपणी वापरला. ती उदगीरकडची. तिकडे म्हणे अशा जखमेवर दगडी पाला चोळून लावतात, रक्त तिथल्या तिथं थांबतं आणि कातडं धरतं. हा दगडी पाला म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या फुलांचं एक तण. शाळेच्या मैदानावरून मी तो मुलांकरवी वर्षानुवर्षं उपटवून घेतला होता. आता मी तो शोधत औशाच्या रस्त्यापर्यंत गेलो. दुष्काळात तणसुद्धा राहिलं नव्हतं. एका नालीच्या कडेला दोन काड्या दिसल्या, त्या शेळीनं माझ्यासमोर खाल्ल्या आणि माझ्याकडे बघितलं. मग कडुनिंबाचा काढा झाला, करंजाचं तेल झालं, चुन्याची निवळी आणि हळद झाली. दर उपायाच्या वेळी प्रेमला पाय पुढे करी आणि म्हणे, "लावा. घागर तिची, तेल त्यांचं, पाय तेवढा माझा."

शेवटी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, कमी बोलणारे. त्यांनी अंगठा दाबून पाहिला, मग शेजारच्या बोटातलं चांदीचं जोडवं पाहिलं. सूज चढेल, जोडवं काढून ठेवा, म्हणाले. प्रेमला म्हणाली, ते राहू द्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या क्षयरोगाच्या तक्त्याकडे पाहिलं. मी नुसतं "काढ" म्हणालो असतो तर तिनं काढलं असतं. पण नवरा जिवंत आणि समोर बसलेला असताना बायकोला जोडवं काढ कसं म्हणायचं, याचा विचार करेपर्यंत पुढचा रोगी आत आला होता.

डॉक्टरांनी हिशेब साधा सांगितला. काळं अंगठ्यापुरतं आहे तोवर अंगठ्यावर भागेल. जोडव्याच्या बोटाच्या मागे सरकलं तर पाऊल धरावं लागेल.

तेव्हा मी आयुष्यातलं एक धाडस केलं. घरी मी जुन्या वैद्यक ग्रंथांची पानं चाळली होती. व्रणावर मध लावावा, तो जखम शुद्ध करतो आणि भरून आणतो, असं तिथं स्पष्ट होतं. हे मी खाली मान घालून डॉक्टरांना सांगितलं. ते हसतील म्हणून मी आधीच थोडं हसून ठेवलं. पण ते हसले नाहीत.

"जुनी माणसं लावायची. मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण खरा आणा. गुळाचं पाणी जखमेत घालू देणार नाही. आठ दिवस बघू. तोवर रोज पट्टीला यायचं, आणि काळं सरकलं तर त्याच दिवशी टेबलावर."

घरी येईपर्यंत बातमी भिंतीपलीकडे पोचली होती. संगप्पा ओट्यावर खुर्ची टाकून वाटच बघत होते.

"मास्तर, वहिनीला शुगर हाय म्हणताव अन् जखमेत मध घालायलाव? शुगर वरून कमी पडायली काय?"

मी त्यांना ग्रंथाचा आधार सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मध मात्र खरा पाहिजे, असं डॉक्टरांचंच वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं. मग खऱ्या मधाच्या परीक्षा सुरू झाल्या. मी गंजगोलाईतून तीन दुकानांच्या तीन बाटल्या आणल्या होत्या. खरा मध पाण्यात विरघळत नाही. तिन्ही विरघळले. खरा मध टीपकागदावर पसरत नाही. तिन्ही पसरले, एक तर खालच्या वर्तमानपत्रावरही उतरला. खऱ्या मधाला कुत्रं तोंड लावत नाही. आमच्या गल्लीतलं कुत्रं दुष्काळामुळे कशालाही तोंड लावत होतं, त्यामुळे ही परीक्षा रद्द धरण्यात आली. मुंग्यांवर मात्र एकमत होतं. मुंग्या आल्या तर गूळ. मुंग्या आल्या, आणि इतक्या आल्या की पुढे आठवडाभर प्रेमलाच्या खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे लागले. पाणी चौथ्या दिवशी येत होतं हे सांगितलंच आहे.

गावातल्या मधमाश्यांचाही भरवसा राहिला नव्हता. फूल कुठंच नव्हतं. सगळ्या माश्या बसस्टँडजवळच्या रसवंतीच्या चोथ्यावर बसलेल्या मी पाहिल्या. म्हणजे माशीनं स्वतः केलेला मधसुद्धा उसाचाच निघाला असता.

तेव्हा मला मलप्पाची आठवण झाली. माझा विद्यार्थी, तिकडे किनवटला आश्रमशाळेच्या वसतिगृहाचा अधीक्षक होता. तिथं अजून जंगल आहे, जंगलात मोहाला फुलं येतात, असं त्यानं दिवाळीच्या पत्रात लिहिलं होतं. प्रेमलाला पट्टीला न्यायचं दानम्मानं अंगावर घेतलं. निघताना संगप्पांनी मला एकच गोष्ट सांगितली आणि ती दोनदा सांगितली.

"कुनाला काही इचारू नका. बाटल्या पिशवीत घाला, वर टावेल टाका, अन् या."

एसटीनं नांदेड, तिथून गाडीनं मुदखेड, गाडी बदलून किनवट. मलप्पानं मला एका पाड्यावर नेलं. तिथं सरजाबाई नावाच्या म्हातारीकडे कालच उतरवलेलं पोळं होतं. ती स्वतः जखमेवर मधच लावते, म्हणाली, आणि कोपरावरचा कुऱ्हाडीचा जुना वण दाखवला. वण इतका साफ होता की तो मला कुऱ्हाडीचा वाटेना. मध दाट, तांबूस होता आणि त्याला मोहाच्या फुलांचा वास येत होता. मुंग्या शेजारून गेल्या, आत शिरल्या नाहीत. मला इतका आनंद झाला की मी म्हातारीला नमस्कार केला. तिनं घाईघाईनं पाय मागे घेतले.

मध भरायला तिच्याकडे दोनच बाटल्या होत्या. त्या पूर्वी कशाच्या होत्या हे त्यांच्या आकारावरून दुसऱ्या कुणालाही कळलं असतं. मी बाटलीतलं बघत होतो, बाटली बघितली नाही.

आता परतीच्या रस्त्यावर जंगल खात्याचा नाका लागतो. एसटी तिथं थांबते, नाकेदार खिडकीतून नजर टाकतो आणि गाडी सोडतो. पिशव्यांतून काय काय जातं हे त्यालाही माहीत असतं आणि पिशवीवाल्यालाही. पण मला वाटलं, हे बायकोच्या पायाचं औषध आहे, ते लपवून नेणं बरं नव्हे. मी गाडीतून उतरलो, नाकेदारापाशी गेलो आणि विचारलं, मध नेण्यास परवानगी लागते काय.

हा प्रश्न त्याला त्याच्या नोकरीत कुणी विचारलेला नव्हता. तो घाबरला. ज्या अर्थी माणूस विचारतो, त्या अर्थी लागत असणार, असं त्याला वाटलं. त्यानं मला अर्ज करायला सांगितला आणि एसटी निघून गेली.

अर्ज लिहायला बसलो आणि माझा हात शुद्धलेखनावर गेला. "मध" हा शब्द मला सरकारी अर्जात उघडावाघडा वाटला, जणू तो नुसत्या बनियनवर कचेरीत आला होता. मी लिहिलं: "पत्नीच्या चरणावरील व्रणाच्या उपचारार्थ दोन कुपी मधु लातूर जिल्ह्यात नेण्याची अनुज्ञा मिळावी." उकार पहिला की दुसरा यावर मी थोडा वेळ थांबलो. मराठीत शब्दाच्या शेवटी उकार दुसरा येतो हे खरं, पण मूळ शब्द संस्कृत असल्यानं मी पहिला दिला. अक्षर चांगलं आलं होतं. मी त्यावर फुंकरही मारली.

नाकेदारानं वाचलं आणि विचारलं, "मधू कोन? वय काय त्यांचं?"

माणसाला परवाना लागत नाही, असं सांगून त्यानं अर्ज परत करू पाहिला. मी तो माणूस नसून औषध आहे असं समजावलं. तेव्हा त्यानं आतल्या खोलीतल्या कारकुनाला हाक मारली. कारकून वाचणारा माणूस होता. त्यानं शब्दावर बोट ठेवलं, बाटल्या उचलून आकार पाहिला, बूच काढून वास घेतला.

"कशाचं आहे हे?"

"मोहाचं," मी अभिमानानं सांगितलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सर, आम्हांलाही संस्कृत होतं, शंभर मार्कांचं," कारकून म्हणाला. "मधु म्हणजे मद्य. होतो ना अर्थ?"

इथं मी "नाही" म्हणायला हवं होतं. पुढे कितीतरी वेळा मी हे मनात म्हणून पाहिलं आहे, अगदी सहज जमतं. पण अर्थ होत होता. कोशात आहे. बत्तीस वर्षं बरोबर उत्तराला बरोबर म्हणायची सवय, त्यातून पोरगा कारकून होऊनही शब्द विसरला नव्हता याचं मला, खरं सांगतो, कौतुक वाटलं.

"होतो," मी म्हणालो.

त्यानं बाटल्यांना लाख लावली.

चाखून बघा, असं मी म्हणालो, पण चाखण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. तो दारूबंदीवाल्यांकडे. दारूबंदीवाले म्हणाले, माल लातूरला जायचा होता म्हणून कागद तिकडे जाईल. पण त्यांच्याकडची जिल्ह्यांची यादी जुनी होती. त्या यादीत लातूर हा तालुकाच होता, म्हणून कागद जुन्या जिल्ह्याच्या गावी रवाना झाला आणि नमुना प्रयोगशाळेत. मी सहाव्या दिवशी रिकाम्या पिशवीनं घरी आलो. पिशवीत टॉवेल तेवढा होता.

लातुरात नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या तेव्हा गावभर भाड्याच्या घरांत विखुरलेल्या होत्या. एक खोली डाळमिलच्या माडीवर, एक लग्नाच्या कार्यालयात. मी सगळीकडे गेलो. प्रत्येकानं सांगितलं की मी राहतो नव्या जिल्ह्यात पण माझा कागद जुन्यात आहे, आणि दोघांची गाठ पडेपर्यंत थांबावं लागेल. एकानं सहानुभूतीनं सुचवलं, की प्रकरण दारूचं असल्यामुळे लेखी खुलासा दिलात तर बरं.

दारूचं हा शब्द माझ्या आधी गल्लीत पोचला. संगप्पांच्या घरात सकाळी आंघोळीनंतर लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी चहाही घेत नाही. त्यांनी ओट्यावरची खुर्ची चार हात पलीकडे सरकवली. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. पेन्शनर मंडळींत मी गेलो की वर्तमानपत्र एकदम सगळ्यांना वाचावंसं वाटू लागे. संगप्पा तेवढे एकदा म्हणाले, "इचारू नका म्हनलं होतं, मास्तर." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो आवाज फार लागला.

मी खुलासा लिहायला बसलो. मधु शब्दाचे अर्थ किती, कोणत्या काळी कोणता, व्रणाच्या संदर्भात पहिलाच अर्थ का घ्यावा, पहिला उकार का दिला, अशी ती अकरा पानं झाली. तीन दिवस मी जागेवरून उठलो नाही. इतकं चांगलं मी नोकरीत कधी लिहिलं नव्हतं. माझी अब्रू माझ्या लेखणीच्या टोकाशी परत येत होती असं मला वाटत होतं.

लिहिण्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेमला दानम्माच्या खांद्यावर हात ठेवून पट्टी करून आली. खाटेवर टेकली. माझं सातवं पान चाललं होतं.

"अहो, जोडव्याखाली काळं दिसतंय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, मास्तरांना घेऊन आजच या. सही लागते."

"उद्या," मी म्हणालो. "एवढं संपवतो आणि उद्या सकाळीच जाऊ."

दानम्मा दारात उभी होती. ती काहीतरी कानडीत पुटपुटली. मला कानडी येत नाही. ते बरंच झालं.

तिसरा दिवस उजाडला तेव्हा अकरावं पान उरलं होतं. मी दुपारी बाराला उठलो, खुलासा पाकिटात घातला आणि मग आम्ही गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली. जोडवं आता बोटात रुतून दिसेनासं झालं होतं. ते लहान पक्कडीनं तोडावं लागलं. प्रेमलानं या वेळी ते राहू द्या म्हटलं नाही. तुटलेलं जोडवं परिचारिकेनं माझ्या हातात दिलं. मी ते खिशात टाकलं, त्याच खिशात खुलासा होता. मग सही केली. सही छान आली.

अर्धं पाऊल गेलं. पुढचं, बोटांचं.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी तिला नीट शुद्ध होती. मला वाटलं ती रडेल, म्हणून मी आधी रडून घेतलं. तिनं मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. सरजाबाई, बाटल्या, नाका, कारकून, कोश. दारूचं नाव तिनं गल्लीतून ऐकलं होतं, पण उकाराचं तिला ठाऊक नव्हतं. मी तिला तो हवेत बोटानं काढून दाखवला, धच्या खाली.

तिनं एकदा माझ्या बोटाकडे आणि एकदा पांघरुणाखालच्या पायाकडे पाहिलं.

"म्हणजे तुमच्या अक्षराला एक पाय जास्त झाला," ती म्हणाली, "आणि तो भरायला माझा घेतला."

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. प्रेमलाही थोडी हसली. मी हसू की नको हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरी आल्यावर कळलं की कापल्याची जखमही भरत नाही. मधे लस धरायची, कडा सुटायच्या. डॉक्टरांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा गंभीर होऊ लागला. आता घोट्यापासून, असं ते अजून म्हणाले नव्हते, पण घोट्याला हात लावून बघू लागले होते. खुलाशाचं उत्तर आलं नव्हतं. अकरा पानांपैकी किती वाचली गेली ते मला आजही माहीत नाही.

आणि दीड महिन्यानं, एका सोमवारी, एक शिपाई सायकलवर आला. त्याच्याजवळ दोन बाटल्या होत्या, लाखेसकट, आणि एक कागद. तो मी ओट्यावर उभं राहून वाचला. मद्यार्क: निरंक. गूळ, साखर वा अन्य भेसळ: निरंक. नमुना शुद्ध. खाली गोल शिक्का होता. कदाचित त्या वर्षी लातूर जिल्ह्यात सरकारनं शुद्ध ठरवलेला तेवढाच मध असेल. संगप्पांनी कागद माझ्या हातातून घेतला, दोनदा वाचला, खुर्ची उचलली आणि चार हात अलीकडे आणली. माझी अब्रू परत आली. ती घ्यायला मी पुढे झालो नाही.

डॉक्टरांनी बाटलीतला थेंब काचेवर घेतला, बोटांत ताणून पाहिला. मग जखम धुऊन मधाची घडी ठेवली आणि पट्टी बांधली. रोज तेच. मी रोज प्रार्थना करायचो, आणि कशाची करायचो ते आता सांगून टाकतो. जखम भरू दे ही पहिली. तिच्यामागून दुसरी एक आपोआप यायची: भरू दे, पण मधानं नको. वेळेनं भरू दे, सुईनं भरू दे, दानम्माच्या नवसानं भरू दे. मध निकामी ठरला असता तर मी सुटलो असतो. तो आठ दिवसांत आला असता तरी काही झालं नसतं, असं म्हणता आलं असतं.

पाचव्या दिवशी घाण वास गेला. बाराव्या दिवशी कडेनं गुलाबी कातडं धरलं. बाविसाव्या दिवशी डॉक्टर खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "मास्तर, तुमचा ग्रंथ खरा निघाला." ते मनापासून म्हणाले. इतकं कठोर मला कुणी बोललेलं नाही. मी आभार मानले.

घोटा वाचला. प्रेमला कापसाची गुंडाळी भरलेला बूट घालून चालायला शिकली. टँकरच्या रांगेत मी उभा राहू लागलो, भांडणही थोडं आलं.

एक बाटली संपली, दुसरी उरली. त्या वर्षाच्या शेवटी दानम्माच्या नणंदेला, रेणापूरच्या कोंडाबाईला, तशीच जखम झाली तेव्हा प्रेमलानं ती बाटली फडताळातून काढली. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं, नुसती लाख.

"नाव घालून द्या," ती मला म्हणाली. "नाहीतर आकार बघून तिथं कुणी पिऊन बसेल."

मी कागदाची चिठ्ठी कापली, बाटलीला चिकटवली आणि टाक उचलला. म काढला. ध काढला. हात धच्या पायाशी थांबला. का थांबला ते मला माहीत नाही. मी तिथं काही काढणार नव्हतो.

प्रेमला खाटेवरून बघत होती. पाय उशीवर होता.

"पुरे," ती म्हणाली. "तेवढंच."

मी टाक खाली ठेवला.